मागल्या सभेतली खाट

मी लिहिणार नाही म्हणून स्वच्छ सांगितलं होतं. पण सोसायटीच्या गणपतीची स्मरणिका निघते, तिच्यात पानं मोकळी राहिली, आणि मोकळं पान दिसलं की लोकांना म्हातारा आठवतो. माझं शिक्षण चौथी. त्यातली एक यत्ता तर मास्तरांनी माझ्या बापाला भिऊन पुढं ढकललेली. तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका. गोष्ट शेजारच्या धनाजीची आहे. शेवटी तेवढी माझी झाली.

धनाजी एसटीतून रिटायर झाला आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झाला. (दुसरं कोणी तयारच नव्हतं. पठ्ठ्यानं पेढे मात्र निवडून आल्यासारखे वाटले.) मग त्याला एका दिवसाच्या ट्रेनिंगला धाडलं. तिथं जेवण चांगलं होतं, आणि मागील सभेचं इतिवृत्त कायम कसं करायचं ते शिकवलं. म्हणजे गेल्या सभेत कोण काय बोललं ते लिहायचं, पुढच्या सभेत वाचायचं, बरोबर असेल तर एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, अध्यक्षानं सही ठोकायची. झालं कायम. मग ब्रह्मदेव आला तरी खोडता येत नाही.

धनाजीला वाटलं, ही तर संसारावरची दवा. त्याची बायको गोजरबाई सकाळचं बोललेलं संध्याकाळी कबूल करत नाही, अशी त्याची जुनी तक्रार. (तिचीही त्याच्याबद्दल हीच. मी दोघांचंही ऐकतो, भिंत पातळ आहे.) त्यानं जाहीर केलं, दर रविवारी जेवणं झाली की घरात सभा. सून राजनंदिनी एका पतसंस्थेत नोकरीला, इतिवृत्तावर तिचा हात बसलेला. ती लिहिणार. मुलगा पुण्याला असतो म्हणून तो वाचला.

पहिल्या सभेत टीव्हीचा विषय निघाला. गोजरबाई चिडून म्हणाली, "बगा की मग दिसभर बातम्या. मी आपली भिंतीकडं बगत बसते."

"लिवून घे, सूनबाई," धनाजी म्हणाला.

पुढच्या रविवारी वाचन झालं. 'गोजरबाई यांनी दिवसभर बातम्या लावण्यास संमती दिली व स्वतः भिंतीकडे पाहण्याची तयारी दर्शविली.'

"अवो, त्ये म्या रागानं बोलले."

"बोललीस का न्हाय, तेवढं सांग."

"बोलले. पर तिरकं बोलले."

"तिरक्याला इतिवृत्तात रकाना नसतोय. निर्णय चांगला का वाईट, ह्ये आज बगायचं नसतंय. बोललं तसं लिवलंय का, एवढंच. सूचक मी. सूनबाई, दे अनुमोदन."

गोजरबाई गप्प बसली. बायको अशी गप्प बसली की शहाण्यानं चार दिवस गावाला जावं. धनाजी बातम्या बघत बसला.

मग मैंदर्गीहून गोजरबाईचा भाऊ बिरप्पा आला, कवळी बसवून घ्यायला. कवळी बसली, तसा बिरप्पाही बसला. माणूस गरीब, बोलणं कमी. काहीही विचारा, 'आयतु' म्हणायचा. त्यांच्या कानडीत त्याचा अर्थ झालं, ठीक आहे. कवळीची परीक्षा म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायचा आणि दुपारी धनाजीच्या खाटेवर आडवा व्हायचा. ती खाट खिडकीशी, कूलरच्या तोंडापुढं. सोलापुरात मे महिन्यात अशी खाट म्हणजे इस्टेट. धनाजी घोंगडं घेऊन दाराशी बसायचा आणि घाम पुसत बिरप्पाचं घोरणं ऐकायचा.

रविवारी गोजरबाईनं विषय मांडला, "बिरप्पाला आजून थोडं दिस ऱ्हाऊ द्यावं."

धनाजी भडकला. "थोडं दिस कशाला? जलमभर ठेव की. माझी खाट दे, कूलर दे. मी पडतो जिन्यात, लोकांच्या चपला राखत."

गोजरबाईनं सुनेकडं बघितलं. राजनंदिनीचं पेन कुरकुरलं.

पुढच्या रविवारी वाचन. 'धनाजी यांनी बिरप्पा यांना आजन्म ठेवून घेण्याचे सुचविले. खाट व कूलर त्यांना देऊन स्वतः जिन्यात चपला राखण्याची तयारी दर्शविली.'

"अगं, मी चिडून बोललो त्ये."

"बोललासा का न्हाय, तेवढं सांगा," गोजरबाई म्हणाली.

"मामा, रकाना नसतो ना," सून सासऱ्याला अगदी अदबीनं म्हणाली.

"सूचक मी," गोजरबाई.

"अनुमोदन."

खाटेवरून आवाज आला, "आयतु, दाजी."

संध्याकाळी धनाजी माझ्याकडं आला. मी शेजारी एकटाच राहतो. "भिमाआबा, कायम झालेलं खोडता येत न्हाय. नवा ठराव आणाय पायजे. तुमी अध्यक्ष व्हा. तुमी आला की दोनाला दोन, वर अध्यक्षाचं जादा मत."

आजवर मला अध्यक्ष कोणी म्हटलं नव्हतं. सदऱ्याला इस्त्री करून गेलो.

सभा लई लांबली. धनाजी म्हणे, माझी खाट. गोजरबाई म्हणे, तुमचा शबूद. माझ्या चहावर साय धरली, तरी कोणी अध्यक्षाला विचारेना. शेवटी माझं डोकं फिरलं. "एवढा जड झालाय तर धाडा माझ्याकडं. निजू द्या माझ्या खाटंवर. मी लोळतो भुईवर."

पेन कुरकुरलं. आणि ज्याच्यासाठी मी इस्त्री केली, तो धनाजी म्हणाला, "अनुमोदन."

"लेका, मी तिरकं बोललो."

"आबा, त्याला रकाना न्हाय."

पुढच्या रविवारी तेही कायम झालं. अध्यक्ष म्हणून सही मीच ठोकली. (माझी सही वळणदार आहे, असं राजनंदिनी म्हणाली.) बिरप्पा गाठोडं घेऊन माझ्याकडं आला. खाटेवर तो, भुईवर मी. गोजरबाई डबा पाठवते तो भावासाठी. उरलं तर मला.

मी सोडणारा नाही. सही ठोकली त्याच सभेत ठराव टाकला होता, धनाजीनं माझी माफी मागावी. अनुमोदनाला कोणी हात वर करेना. वर केला तो एकट्या बिरप्पानं.

"पाहुण्यांचं अनुमोदन चालत नाही," राजनंदिनी म्हणाली. "इथला रहिवासी लागतो."

"मग लिव की रहिवासी," मी तावात म्हणालो. "माझ्या घरचा."

तिनं लिहिलं. माझं जादा मत टाकून ठराव मंजूर झाला. बिरप्पा म्हणाला, "आयतु." त्या दिवसापासून त्यानं गाठोडं सोडून माझ्या कपाटात लावलंय.

आता राहिली माफी. ती मागायची तर आधी त्या सभेचं इतिवृत्त कायम व्हायला हवं, म्हणे. त्याला पुढची सभा लागते, आणि सभा बोलवायचा अधिकार सेक्रेटरीचा. सेक्रेटरीला हल्ली रविवारी वेळ नसतो. तो खिडकीशी, कूलरपुढं, आपल्या खाटेवर पडलेला असतो.