ज्याचं त्याचं शेवटचं पान

चष्मेवाल्याच्या बायकोनं वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणली, तेव्हा घरात कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. बाई नर्स. दिवसभर वॉर्डात पायाला भिंगरी. घरी आली की पुस्तक छातीवर आणि डोळे मिटलेले. चष्मेवाला तर अख्ख्या बाजाराला वाचायचे चष्मे करून देई, पण स्वतः औषधाच्या पाकिटापलीकडे काही वाचत नसे.

एकदा चहा होईपर्यंत करायचं काय, म्हणून त्यानं ती कादंबरी उचलली. जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारी एक बाई, तिची पुस्तकं जादूची, रोज तिच्याशी गप्पा मारणारी, एवढं मागच्या पुठ्ठ्यावरून कळलं. आता एवढी पानं कोण वाचत बसणार? त्यानं सरळ शेवटचं पान काढलं. बाईनं एक पुस्तक जमिनीवर ठेवलं, उघडलं, त्यात पाऊल टाकलं आणि गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. नवरा बिचारा स्वयंपाकघरात विचारत राहिला, "अगं, मीठ कुठंय?"

"काय तरी एकेक शेवट!" तो आईला म्हणाला.

"का? मी कालच पाहिला. मला तर बाई आवडला," आई म्हणाली. "सून सासूची माफी मागते आणि कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातात देते. कित्ती शहाणी!"

"हे कुठे आहे?"

"हे काय, ढळढळीत!" आईनं पानावर बोट ठेवलं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की बोटाच्या वर नवरा मीठ शोधतोय.

चष्मेवाल्यानं आधी आईचे डोळे तपासले, मग स्वतःचे. दोघांचेही नंबर ठीक होते. मग मात्र तो पुस्तक काखेत मारून वाचनालयात गेला.

"त्याचं तसंच आहे," ग्रंथपाल शांतपणे म्हणाले. "वाचणाऱ्याच्या मनात जे दडलेलं असतं, इच्छा म्हणा, भीती म्हणा, तेच शेवटच्या पानावर उमटतं. माझ्या पानावर सगळे सभासद पुस्तकं वेळेत परत करतात आणि पानांचे कोपरे दुमडत नाहीत. कितीदा वाचलं तरी डोळ्यांत पाणी येतं हो!"

चष्मेवाला पुस्तक पुन्हा काखेत मारून घरी निघाला. म्हणजे बायको आपल्याला सोडून जाईल, ही भीती आपल्या मनात आहे? बरं, असू दे. पण तिच्या मनात काय आहे? तिच्या पानावर ती बाई राहते की जाते?

"काय गं, पुढे काय झालं?" त्यानं संध्याकाळी सहज विचारल्यासारखं केलं.

"कशात?"

"त्या कादंबरीत."

बायकोनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हसली. "सांगते. बसा."

दुकानातलं एक पुस्तक कसं रुसलं आणि उघडायलाच तयार होईना, ते तिनं सांगितलं. "आणि शेवटी?" त्यानं विचारलं, तर म्हणाली, "घाई काय आहे?" आणि पुन्हा हसली. त्या हसण्यानं त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मग रोज तेच. ती आली की हा भाजी निवडायला घेऊन समोर हजर. "मग, आज काय झालं?" ती सांगत सुटायची. कधी एखादं पुस्तक पळून जायचं, कधी वॉर्डातला एखादा म्हातारा. ऐकता ऐकता त्याला गंमत वाटायला लागली, पण शेवटाचा पत्ता नाही. इकडे दुकानात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाचा चष्मा त्यानं दुसऱ्याच्या नाकावर चढवला; तो सज्जन माणूस स्वतःच्या घरावरून दोनदा पुढे गेला. आणि आईनं तर अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं, की आता किल्ल्या आपल्याकडे येणार, पुस्तकात तसं छापून आलंय!

अशात एका सकाळी बायको बॅग घेऊन बाहेरच्या खोलीत आली. चष्मेवाला दारात आडवा आला.

"जाऊ नकोस!"

"अहो, ट्रेनिंग आहे. परवा येते. गाडी चुकेल माझी, सरका."

"आधी सांग, तुझ्या शेवटच्या पानावर काय आहे? खरं सांग. मला झोप नाही लागत गं."

"मी कुठे पाहिलंय शेवटचं पान? ते ज्याचं त्याला वेगळं दिसतं, असं ग्रंथपाल म्हणाले होते; पण दोन पानं झाली की माझा डोळा लागतो."

"मग रोज सांगत होतीस ते?"

"थोडं वाचलेलं, बरंचसं वॉर्डातलं, उरलेलं मनचं."

"आणि हसत होतीस ते कशाला?"

"लग्नाला इतकी वर्षं झाली. 'पुढे काय झालं' असं तुम्ही मला पहिल्यांदाच विचारलंत. इतकं बरं वाटलं! म्हटलं, हे पुस्तक संपवायचंच नाही."

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो हसत हसत दारातून बाजूला झाला. "जा, जा. गाडी चुकेल."

पण बायको हलेना.

"आईंच्या पानावर किल्ल्या आहेत, हे गल्लीला माहितीये," ती म्हणाली. "तुमच्या पानावर काय आहे हो?"

"काही नाही. असंच आपलं."

"असंच म्हणजे?"

तिनं बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"चुकू दे गाडी," ती म्हणाली. "सांगा."