बाईसाहेबांस चिजाचे डोहाळे जाहले त्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न असो, आणि जो ही हकीकत वाचील त्याचे चुलीस सदैव आंच राहो. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते सालीं एका राज्यांत, ज्याचें नांव लिहिण्याची आम्हांस परवानगी नाहीं, थोर कठीण प्रसंग गुदरला, तो जैसा पाहिला ऐकिला तैसा लिहितों.

त्या राज्यीं रायाजीराजे गादीवर होते. राजे बहुत शूर, दोन गड स्वतः दोर धरोन चढले आणि घेतले, परंतु मातुश्री दर्याबाईसाहेब आणि राणी गुणवंताबाईसाहेब एका दालनांत बसल्या म्हणजे राजियांस तत्काळ घोड्याची रपेट आठवत असे. राणी बाईसाहेब बंदरकिनारीच्या सरदाराची लेक, मोकळ्या हवेंत वाढलेली, बोलण्यास स्पष्ट. मागील सालीं त्यांस दिवस राहिले आणि गर्भ अकालीं गेला, आणि तेव्हांपासोन वाड्यांत त्या गोष्टीचा उच्चार कोणी करीत नसे. आतां पुन्हां दिवस गेले, पांचवा मास लागला, आणि मातुश्रींनीं कडेकोट बंदोबस्त मांडिला. बाईसाहेबांनीं जिना चढूं नये, झोपाळ्यावर बसूं नये, पपई नजरेस पडूं नये, आणि बाईसाहेबांनीं शिंकूंही नये असा हुकूम निघत होता, परंतु कारभारी यांनीं हात जोडोन तो थांबविला.

इकडे बाईसाहेबांस अन्न जाईना. भात आणिला तों वासानें मळमळे, खीर आणिली तों पाहोन मळमळे, आणि देह वाळत चालला. राजे चिंतेंत पडले. मग एके दिवशीं बाईसाहेब उशीवरोन मान उचलोन म्हणाल्या, "मला चीज पाहिजे. माहेरीं बंदरावर फिरंगी आणीत ना, तें मऊ, वरोन पांढरें. भट्टींत भाजलें म्हणजे आंत रबडीसारखें होतें. वर लसूण घालावा, आणि सोबत पाव."

राणीनें कांहीं मागितलें याचाच राजियांस इतका संतोष जाहला कीं चीज म्हणजे काय हें न पुसतां स्वार रवाना केले. फिरंगी वकिलानेंही मोठ्या अगत्यानें पेटी धाडिली, आणि ती भर दरबारांत उघडिली, तों आंत वाटोळें, मऊ, आणि वर सर्वत्र पांढरी बुरशी! दरबार थक्क जाहला. सेनापती म्हणाले, "महाराज, हा उघड अपमान आहे, नासकें दूध धाडलें, आज्ञा व्हावी." आणि तलवारीस हात घातला. तेव्हां वकिलाचा दुभाषी पुढें आला आणि शपथेवर म्हणाला कीं, "ही बुरशी मुद्दाम लावितात, सरकार, हीच त्याची थोरवी." मग तलवार म्यान जाहली, आणि एक युद्ध टळलें, परंतु सेनापतींनीं नाकावरला रुमाल काढिला नाहीं.

हें वर्तमान मातुश्रींस कळलें. मातुश्री म्हणाल्या, "बुरशीचें फिरंगी दूध माझ्या सुनेच्या पोटीं? माझ्या देखत होणें नाहीं." आणि पेटीवर पहारा बसविला. बाईसाहेबांनीं भिंतीकडे तोंड केलें आणि पेजेचा वाडगाही परत धाडिला. राजे रपेटीस गेले, परत आले, दोघींचीं तोंडें पाहिलीं, आणि पुन्हां रपेटीस गेले. शेवटीं घोडा दमला, तेव्हां निरुपाय होऊन राजियांनीं नारोपंत वैद्य यांस बोलाविलें.

नारोपंत विद्वान खरे, परंतु खोकल्याचें औषध पुसलें तरी समुद्रमंथनापासोन आरंभ करीत. तैसाच आरंभ केला, तेव्हां मातुश्री म्हणाल्या, "वैद्यराज, मूल जन्मास येण्यापूर्वीं तरी मुद्द्यावर या." मग वैद्यराज मुद्द्यावर आले आणि म्हणाले, "आईसाहेब, आपलें भय खोटें नव्हे. असें मऊ, ओलसर, बुरशीचें चीज कच्चें असतां त्यांत कधीं कधीं एक अदृश्य शत्रू दडोन बसतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. दुसऱ्या कोणास तो फारसा उपद्रव देत नाहीं, परंतु गर्भिणीस ज्वर आणितो, आणि आईचा ज्वर हलका असला तरी गर्भावर घाला पडतो." कारभारी म्हणाले, "मग तळघरांत गारव्यास ठेवूं, गारठोन मरेल." वैद्यराज म्हणाले, "तेथेंच घात आहे. इतर शत्रू थंडींत स्वस्थ बसतात, हा थंडींतही फौज वाढवितो. हा भितो एका अग्नीस. चीज मध्यापर्यंत कढत जाहलें, सर्वांगीं खदखदलें, आंतून वाफ निघाली, म्हणजे शत्रू मेला. मग बाईसाहेबांनीं खुशाल खावें. कोमट जाहलें तें कच्चेंच समजावें."

बाईसाहेब भिंतीकडोन वळल्या. मातुश्री म्हणाल्या, "भाजा. परंतु आमच्या डोळ्यांपुढें."

मुदपाकखान्याचे दारोगा विसाजीपंत हे राज्यांतील पहिल्या प्रतीचे स्वयंपाकी, आणि तें त्यांस ठाऊकही होतें. त्यांनीं चीज मातीच्या पसरट भांड्यांत ठेविलें, वर चिरा पाडिल्या, लसणाच्या पाकळ्या खोंचिल्या, भट्टींत घातलें, आणि थोड्याच वेळांत बाहेर काढिलें. वरोन सोन्यासारखा रंग, कडेनें बुडबुडे, आणि वास असा कीं पहारेकरी पहारा विसरले. बाईसाहेबांनीं पावाचा तुकडा मोडिला, भांड्यांत बुडविला, आणि ओठांशीं नेला, तों मातुश्रींनीं एकदम मनगट धरिलें. "थांबा." आणि दुसऱ्या हातानें चमचा मधोमध खुपसोन बाहेर काढिला, आपल्या ओठांस लाविला, आणि म्हणाल्या, "कडेनें कढत आहे. मध्यें गार."

विसाजीपंतांचें तोंड उतरलें. बाईसाहेबांच्या डोळ्यांतोन मात्र घळघळां पाणी आलें, आणि त्या म्हणाल्या, "आईसाहेब, मी खाऊंच नये असें तुम्हांस वाटतें, हेंच खरें. मागल्या वेळेसही तुम्ही एक शब्द बोललां नाहींत. माझीच चूक असें समजोन गप्प राहिलांत."

राजियांनीं दाराकडे पाहिलें, परंतु पाय उचलला नाहीं. मग मातुश्री भांडें बाजूस सारोन सुनेजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, तुमची कसली चूक? तुम्ही दाराआड रडत होतां तेव्हां आम्ही देवघरांत रडत होतों. रायाजीच्या आधीं आमचेंही एक असेंच गेलें. कशानें गेलें तें कोणी सांगितलें नाहीं, आणि आम्हीं कोणास पुसलें नाहीं. आतां तुमच्या प्रत्येक घासाचें आम्हांस भय वाटतें, आणि भय बोलतां येत नाहीं म्हणोन हुकूम सोडितों." हें राजियांसही ठाऊक नव्हतें. ते आईच्या पायाशीं खालीं बसले.

बाईसाहेबांनीं आपल्या पाठीचा तक्या काढोन सासूच्या पाठीस लाविला. मातुश्रींनीं डोळे पुसले, आणि नेहमीच्या आवाजांत म्हणाल्या, "विसाजीपंत, उभे काय राहिलांत? टाकूं नका. परत भट्टींत घाला, आणि रंगावर भुलूं नका."

मग पुन्हां भट्टी पेटली, आणि सासू सून शेजारीं बसोन वाट पाहत्या जाहल्या, आणि बाईसाहेबांनीं बंदरावरच्या गोष्टी सांगितल्या, आणि मातुश्री एकदां हंसल्याही, असें पहारेकरी शपथेवर सांगतात. भांडें बाहेर आलें तें असें खदखदत कीं झांकण असतें तर उडालें असतें. मातुश्रींनीं मधोमध चमचा घातला तों वाफेचा लोट निघाला आणि बोट भाजलें, तेव्हां त्यांचा संतोष गगनांत मावेना. वैद्यराजांनीं संमती दिली आणि श्लोक आरंभिला, तो कोणीं ऐकिला नाहीं. जीभ न पोळावी इतपत फुंकर घालोन बाईसाहेब जेवल्या, आणि बहुत दिवसांनीं पोटभर जेवल्या. मातुश्रींनींही एक घास घेतला, केवळ परीक्षेकरितां. दुसरा घेतला तो पहिल्या परीक्षेची खात्री व्हावी म्हणोन.

दुसरे दिवशीं प्रातःकाळीं बाईसाहेबांनीं उरलेलें चीज मागविलें, तों भांडें धुवोन पालथें घातलेलें. पुसतां मातुश्री गंभीर मुद्रेनें म्हणाल्या, "शिळें, गार, रात्रभर उघडें. गर्भिणीस सर्वथा वर्ज्य. म्हणोन आम्हीं जातीनें त्याचा फडशा पाडिला." बाईसाहेब इतक्या हंसल्या कीं वैद्यराजांस पुन्हां बोलवावें कीं काय, असा विचार पडला. मग नवें चीज काढोन भट्टी पेटविली.

एवंच, पुढील सालीं चैत्र मासीं बाईसाहेब सुखरूप प्रसूत होऊन कन्यारत्न जाहलें. मऊ बुरशीचें चीज गर्भिणीनें कच्चें खाऊं नये, मध्यापर्यंत कढत करोन खावें, हा त्या राज्याचा कायदा जाहला. सासू सुनांत त्यापुढेंही भांडणें जाहलीं, बहुत जाहलीं, परंतु दोघी जेवोन मगच भांडत्या जाहल्या. इति.