पिच्चरचा राहिलेला शेवट

येडगावात गोरख दर शनिवारी संध्याकाळी फुकट पिच्चर दाखवायचा, पण या महिन्यात एकाही पिच्चरचा शेवट गावाने पाहिला नव्हता. थाट तसा बेताचाच. धर्माजींची रिकामी कांद्याची वखार, वर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आणि भिंतीला ताणलेलं पांढरं कापड. नफ्याचं नाव नव्हतं. अडचण एकच, शेतीची थ्री फेज लाईट नेमकी पिच्चर रंगात आला की यायची. मग पुरुषमंडळी अंधारात चपला चाचपत विहिरीवरच्या मोटारी चालू करायला पळायची, सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसायचं आणि प्रोजेक्टर डोळे मिटायचा.

गोरखने पिच्चर आधी घरी पाहिलेला असायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी लोक त्याच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात शेवट विचारायला यायचे. या वेळी पहिली आली तुकाबाई. पिच्चरमधली म्हातारी आपल्या ट्रक ड्रायव्हर मुलाची वाट बघत होती, आणि तुकाबाईचा मुलगा राघू भांडून भिवंडीला गेला होता तो साधा फोनही करत नव्हता.

"आला का रं तिचा ल्योक?"

मुलगा काही येत नव्हता. पण तुकाबाईचं तोंड बघून गोरखची जीभ रेटेना. "आला की मावशी! पेढं घिऊन आला."

तुकाबाई हसत गेली. गोरखला बरं वाटलं, आणि तिथेच घोळ झाला. धर्माजींना म्हातारीने विकलेल्या बैलाची काळजी होती, त्यांना त्याने सांगितलं, "म्हातारीनं बाजारात जाऊन बैल सोडवून आणला, तात्या." शिवणकाम करणाऱ्या आशाला सांगितलं, "म्हातारीच्या सुनेनं शिलाईचं दुकान काढलं. म्हातारीनंच फीत कापली."

सोमवारी दूध डेअरीवर तिन्ही शेवट समोरासमोर आले. आशा म्हणाली, "म्हातारी दुकानात व्हती." धर्माजी म्हणाले, "बैलबाजारात व्हती!" तुकाबाई म्हणाली, "खुळे का तुमी? ती दारात पोराला ओवाळत व्हती."

धर्माजी तडक दुकानात आले. "येत्या शनवारी शेवट दाखव. खोटं निघालं तर वखारीची चावी परत दे. माज्या जागेत लबाडी नाय चालायची."

वखार गेली तर पिच्चर बंद. पण गोरखला घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. तुकाबाई राघूसाठी लाडवाचं पीठ भाजायला बसली होती. "तिचा आला, तर माजाबी यील," असं ती दिसेल त्याला सांगत होती.

शनिवारी गावाने एकमताने ठरवलं, पिच्चर संपेस्तोवर एकही मोटार चालू करायची नाही. लाईट आली, कुणी जागचं हललं नाही. गोरखने प्रोजेक्टरवर हात ठेवून पाहिला. "प्रोजेक्टर लई तापलाय राव, आज हितंच थांबू," तो म्हणाला. आशाने सूप आणलं आणि प्रोजेक्टरला वारा घालायला लागली.

शेवट आला. रस्ता रिकामा, दारात म्हातारी एकटी, आणि संपलं. बैल नाही, दुकान नाही.

गोरखने चावी धर्माजींपुढे ठेवली आणि तुकाबाईजवळ जाऊन बसला. "मावशी, चुकलं माजं. तुमचं तोंड उतरल्यालं बघवंना, म्हून खोटं बोललो."

तुकाबाईने पदराने डोळे पुसले. मग एकदम भडकली. "तू कशाला चुकतोस? चुकला त्यो, ज्यानं पिच्चर काढला! येवढा खर्च केला मेल्यानं, अन् एक पोरगं घरी आणता आलं न्हाई त्याला?"

"आन बैलाचं तर नावच काढलं नाय!" धर्माजीही उसळले. "यासाठी मी कांद्याचं पाणी बुडवून बसलो का?" त्यांनी चावी उचलून गोरखच्या खिशात कोंबली.

पुढच्या शनिवारी शेतीच्या लाईटची पाळी बदलून सकाळवर गेली होती. व्होल्टेज ठणठणीत, कुणाला कुठे जायचं नव्हतं. नवा पिच्चर शेवटाकडे निघाला, तशी तुकाबाई उठली आणि तिने प्रोजेक्टरची पिन उपटली.

"बास झालं त्यांचं," ती मांडी ठोकून बसत म्हणाली. "हितनं फुडं गोरख सांगंल."

गोरख गांगरून पांढऱ्या कापडापुढे उभा राहिला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

"सांग बिनघोर," धर्माजी म्हणाले, "पर या खेपंला समद्यांना येकच शेवट सांग."