वानखेडे काकांचा कुलर

मे महिन्यात नागपुरातला प्रत्येक कुलर माणसाकडे तोंड करून उभा असतो. आमच्या शेजारच्या वानखेडे काकांचा मात्र कॉम्प्युटरकडे. काका स्वतः बाहेर व्हरांड्यात, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन. मी इथल्या मिहान आयटी पार्कमध्ये कॉम्प्युटरचीच नोकरी करतो, त्या अधिकारानं एकदा सांगून पाहिलं, की ओल्या हवेनं मशीन खराब होईल.

"आतमध्ये पाहुणे हायेत गा," काका म्हणाले. "उकडून राहिलं असन त्याईले."

पाहुण्यांची भानगड सांगायला हवी. इंटरनेटवर एक बाजार आहे. त्याचा मालक कुणी एक शेठ नाही. आपल्या लकडगंजच्या लाकूडबाजारासारखी ज्याची त्याची दुकानं. घरात रिकामा पडलेला कॉम्प्युटर तिथे भाड्यानं लावायचा. जगात कुणाला गरज पडली की तो आपलं काम त्याच्यावर चालवून घेतो. माणूस येत नाही, नुसतं काम येतं. सुमनकाकू गेल्यावर काका भिंतीकडे बघत बसायचे. मूलबाळ नाही. जीव रमेल म्हणून मीच त्यांना हा नाद लावला.

काकांची सारी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेलेली. त्यामुळे एक पाहुणा आला की 'युनिट चालू', दोन आले की 'फुल लोड'. सकाळी मी गाडी काढताना कुंपणापलीकडून हा रिपोर्ट यायचा, आणि मी मान हलवल्याशिवाय काका आत जायचे नाहीत.

बाजारात पाहुण्याला निरोप पाठवायची सोय होती. बाकीचे दुकानदार तिकडे ढुंकूनही बघत नसत. काका मोबाइलवर भाषांतर करून रोज काहीतरी धाडायचे. आज ऊन लय आहे, पण तुमच्या कामाले लागू देत नाही, वगैरे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाला, त्यांनी कुठल्याशा थंड देशातल्या पाहुण्याला लाकडी बैलाचा फोटो पाठवला होता. बिचाऱ्यानं काय समज करून घेतला असेल कोण जाणे. उत्तर काही आलं नाही.

उत्तर आलं ते अवकाळी वादळाच्या दिवशी. झाड तारांवर पडलं, दुपारभर लाईट नाही, इन्व्हर्टरनंही मान टाकली. लाईट आल्यावर काका मोबाइल घेऊन धावतच माझ्याकडे आले. पाहुण्यानं विचारलं होतं, 'तुम्ही अचानक बंद झालात. सगळं ठीक आहे ना?' त्याला स्वतःच्या अडकलेल्या कामाची काळजी होती, हे मला दिसत होतं. पण काकांचा चेहरा बघून मी गप्प बसलो.

"आमच्या सुमनचं असंच होतं," ते म्हणाले. घरची लाईट गेली की काकू थेट कंट्रोल रूमला फोन लावायच्या. तुमचं युनिट पडलं काय, तुम्ही ठीक हाये न? गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला असला तरी फोन ठरलेला. सगळी शिफ्ट हसायची. काका फोनवर चिडायचे, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच हसायचे.

मग या बाजारानं पुढच्या सुधारणांचा आराखडा जाहीर केला आणि दुकानदारांची मतं मागवली. मी काकांना तो वाचून दाखवला. यापुढे एखादं मशीन बंद पडलं, तर त्याच्यावरचं काम त्याच क्षणी दुसऱ्या मशीनवर जाणार. पाहुण्याला पत्ताही लागणार नाही. मग विचारपूस कशाला, म्हणून निरोपांची सोयही काढून टाकणार.

काकांमधला ऑपरेटर खूश झाला. "एकदम बरोबर प्लॅनिंग हाये. ग्रिडमध्ये असंच करतेत. एक युनिट ट्रिप झालं तं दुसरं लोड उचलते. आम्ही जिंदगीभर हेच केलं." मग बराच वेळ ते दुपट्टा पिळत बसले. "म्हणजे मी बंद पडलो तं कोणालेच समजणार नाही."

त्यांचं मत मी इंग्रजीत करून पाठवलं: लाईट गेल्यावर पाहुण्यानं दोन शब्द विचारायची सोय ठेवावी. त्याखाली कुणीतरी लिहिलं, ग्राहकाला काही कळूच नये, हाच तर या सुधारणेचा उद्देश आहे. तो बरोबरच होता. तरी मला त्याचा फार राग आला.

सुधारणा लागू झाली. त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी संध्याकाळी घरी आलो, गाडी लावली, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काकांच्या कुलरची खडखड ऐकू येत नव्हती. गल्लीत लाईट तर होती. मी धावत त्यांच्या फाटकात शिरलो.

काका व्हरांड्यातच होते. मांडीवर मोबाइल, डोक्यावरचा दुपट्टा कोरडा ठणठणीत, अंग घामानं भिजलेलं.

"काका, बंद काहून हाये सगळं?"

त्यांनी आतल्या मेन स्विचकडे बोट दाखवलं. सकाळी मी गेल्यावर त्यांनी स्वतःच मेन स्विच पाडला होता. बघू, कोणी विचारते का. पाहुणा त्याच क्षणी दुसऱ्याच्या घरी गेला. काका तरी दिवसभर बसून राहिले होते.

"तुले कसं समजलं?" त्यांनी विचारलं.

"कुलरचा आवाज येऊन नव्हता राहिला."

त्यांनी कोरड्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. "सुमन असती तं सकाळीच फोन आला असता."

मी आत जाऊन स्विच चढवला, कुलर ओढत दारापर्यंत आणला आणि त्याचं तोंड व्हरांड्याकडे फिरवलं. पाहुण्यांचं नाव काढून ते मला अडवतील असं वाटलं होतं, पण ते डोळे मिटून गार वाऱ्यात बसून राहिले. मी निघालो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "उद्या कवा येशीन गा?"