पाटणकर सरांची बटणं

आमचे पाटणकर सर चहासुद्धा सरळ विचारत नाय. "तात्या, अ साखरेचा, ब गुळाचा, क नको, ड सांगता येत नाही." मी म्हणतो, सर, चौथीत शाळा सुटली, जन्म मिठागरात गेला. बाराखडी ठेवा, चहा द्या.

पेणच्या रामवाडीत आमची भिंतीला भिंत. सर रोह्याच्या कॉलेजात शिकवतात. पोरं वर्गात तोंड उघडत नाय, म्हणून त्यांनी पिशवीभर यंत्रं आणली, काडेपेटीएवढी, चार चार बटणांची. पोरांनी उत्तर दाबलं की पडद्यावर रंगीत पट्टे चढतात. कोणी काय दाबलं ते कळत नाय. "बोलू नका, दाबा," हे सरांचं पालुपद. भाजीवालीलाही तेच. ती म्हणाली, "सर, भेंडी दाबलीत तर घ्यावी लागंल."

बायको गेल्यापासून मी कोणाशी बोलत नव्हतो. दारात बसायचो आणि रस्त्याच्या जागी मला पाण्यानं भरलेली मिठागरं दिसायची, ती पलीकडच्या बांधावर उभी. एक दिवस सरांनी मला एसटीत घातलं. म्हणाले, आज मिठाचा धडा आहे, मागं बसा.

वर्गात काळोख केला होता. पडद्याचा उजेड खाडीसारखा हलत होता. माझ्याही हातात एक यंत्र दिलं. प्रश्न आला, मीठ कधी धरतं? अ, उन्हाळ्यात. ब, पावसाळ्यात. पोरं खाडीकडच्या गावांची. आमच्यात म्हाताऱ्याच्या आधी कोण मत देत नाय. सगळ्या माना माझ्या अंगठ्याकडं वळल्या आणि नेमका अंगठा घसरला. मी दाबलं पावसाळ्यात. मागोमाग अख्खा वर्ग पावसाळ्यात.

पुढची पोरगी हळूच म्हणाली, "आजोबा, वर्षाचं मीठ इरघळवलंत."

सर चष्मा काढून हसले. मग त्यांनी नवा प्रश्न टाकला. घरी गेल्यावर बोलायला कोणी आहे? अ, आहे. ब, नाही. म्हणाले, हात झाका, तात्यांकडं बघायचं नाय.

मी यंत्र ओंजळीत धरलं आणि ब दाबलं. ती गेल्यावर पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

अ चा पट्टा भरतीच्या पाण्यासारखा शांत चढत गेला. पोरांची यंत्रं एकेक करून बाकावर आली. ब वर एकच मत होतं, ते माझं. मग पोरांचे हात रिकामे असताना ब वर दोन झाली. सरांचा हात खिशात होता, जिथं ते स्वतःचं यंत्र ठेवतात.

मी माझं यंत्र बाकावर ठेवलं. सरांनी पडदा विझवला.

परतीच्या एसटीत मला झोप लागली. पेण आल्यावर खांद्यावर सरांचा हात पडला. "तात्या, उठा. आपल्याला उतरायचंय."