पेचकसरावांची पहिली यशस्वी दुरुस्ती

रविवारी सकाळी साडेनऊला साडूभाऊंचा फोन आला तेव्हा पेचकसराव दाढी करत होते. फोन ठेवला आणि एका गालावरचा साबण तसाच ठेवून ते हत्यारांची पेटी शोधायला लागले.

"काय म्हणाले दाजी?" बायकोनं विचारलं.

"म्हणाले, व्हीसीआर चालत असेल तर पाच वाजता न्यायला येतो. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे आहेत, त्यांना पिक्चर दाखवायचाय. आणि बिघडलाच असेल तर म्हणाले, तुम्हालाच राहू द्या, मी सरळ नवा घेतो."

"मग राहू दे की! बिघडलेलाच तर आहे."

"बिघडलेला होता," पेटीतून स्क्रू ड्रायव्हर उपसत पेचकसराव म्हणाले. "माझ्या हातात येईपर्यंत."

पेचकसराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते विमा कंपनीत कारकून होते, पण घरातली एकही वस्तू त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरच्या तावडीतून सुटली नव्हती, म्हणून गोतावळ्यात त्यांना पाठीमागे 'पेचकस' म्हणत. त्यांनी दुरुस्त केल्यापासून दारावरची बेल स्वयंपाकघरातला दिवा लावला की वाजायची. पंखा फिरायचा, पण वारा छताला लागायचा. यातल्या एकाही गोष्टीनं त्यांच्या आत्मविश्वासावर साधा ओरखडाही उठला नव्हता.

बायकोची अडचण निराळीच होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या बायकांनी एक नाटक बसवलं होतं आणि त्यात ती मिशा लावून फौजदार झाली होती. कुणीतरी त्याचं शूटिंग केलं, तिला एक कॅसेट दिली, आणि घरात व्हीसीआर नसल्यामुळे ती कॅसेट साड्यांच्या घडीखाली पडून राहिली. दाजींनी आठवड्यासाठी आपला व्हीसीआर दिला तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी ती लावली. पडद्यावर फौजदाराचे बूट दिसले, पट्टा दिसला, आणि पट्ट्याच्या वर नुसत्या मुंग्या! आता व्हीसीआर दुरुस्त झाला तर पाच वाजता जाणार, आणि नाही झाला तर राहून उपयोग काय? तिला तो दुरुस्तही व्हायला हवा होता आणि घरातही राहायला हवा होता.

"असं करा ना," ती म्हणाली, "पाच वाजून गेल्यावर दुरुस्त करा."

"म्हणजे लबाडी? आणि साडू जगभर सांगत सुटणार, याला जमलं नाही म्हणून! अजिबात नाही. अकरापर्यंत चालू करून दाखवतो."

व्हीसीआर टीव्हीशेजारी खिडकीपाशी टेबलावर ठेवण्यात आला. चार स्क्रू निघाले, झाकण निघालं. आत एक चकचकीत गोल डबी होती. हेच हेड, आणि मुंग्या येतात त्या हेडवरच्या मळामुळे, एवढं पेचकसरावांनी ऐकलेलं होतं. औषधाच्या डब्यातलं स्पिरिट फडक्यावर घेऊन त्यांनी ते हलक्या हातानं पुसलं. फडकं काळं झालं. पेचकसरावांनी ते बायकोला एखाद्या पदकासारखं दाखवलं आणि कॅसेट आत सरकवली.

कॅसेट आत गेली, दोन सेकंद घरघर झाली, आणि कॅसेट बाहेर आली.

"नाकारतोय," पेचकसराव म्हणाले. त्यांनी पुन्हा ढकलली. व्हीसीआरनं पुन्हा बाहेर काढली. आत काय होतंय ते नीट दिसावं म्हणून त्यांनी टेबललॅम्प आणून वर रोखला, तर आता ती आणखी लवकर बाहेर यायला लागली. मग त्यांनी खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला आणि हातात टॉर्च घेतला. व्हीसीआर कॅसेटला शिवेनासाच झाला.

"आतला पट्टा सैल असणार," असं म्हणून त्यांनी पट्टा काढला आणि बसवला. मग दातेरी चाक काढलं, तेल घातलं, बसवलं. एक स्प्रिंग उडून सोफ्याखाली गेली, तिच्यासाठी अख्खा सोफा उलटा झाला. जेवण टेबलाशी उभ्यानंच झालं. दर पंधरा मिनिटांनी "आता शंभर टक्के!" अशी घोषणा व्हायची आणि कॅसेट बाहेर यायची.

तीन वाजता बायको चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून खिडकी आणि टेबल यांच्या मधे घुसून, लॅम्प एका हातानं बाजूला लोटून ती व्हीसीआरवर ओणवी झाली. "काय हा पसारा! एक कप ठेवायचा तर—"

तेवढ्यात पेचकसरावांनी पुन्हा एकदा कॅसेट ढकलली, आणि पडद्यावर फौजदार उभा राहिला. बूट, पट्टा, आणि पट्ट्याच्या वर छाती, मान, झुपकेदार मिशा! एकही मुंगी नाही.

"हलू नकोस!" पेचकसराव ओरडले.

घाबरून ती मागे सरकली. कॅसेट बाहेर आली.

"तुझ्या बांगड्या," पेचकसरावांनी निदान केलं. "धातू आहे ना, त्याचा परिणाम होतो. काढ."

तिनं बांगड्या काढल्या आणि ओणवी झाली, त्यांनी कॅसेट सरकवली. चित्र आलं. मग तिनं तोंड मिटून पाहिलं, श्वास रोखून पाहिला, चपला काढून पाहिल्या. ती वाकली की चालू, सरळ झाली की बंद. मग पेचकसराव तिच्या जागी उभे राहिले आणि आतलं दिसावं म्हणून टॉर्च लावून वाकले. कॅसेट त्यांच्या बोटांवर आदळली.

"कळलं," ते गंभीरपणे म्हणाले. "यंत्राला धाक लागतो. तो तुझ्यात आहे, माझ्यात नाही."

 बायको टॉर्चकडे बघत होती, मग खिडकीकडे बघायला लागली. "पाच वाजत आले," ती म्हणाली. "अर्धी दाढी तशीच आहे. आंघोळ करून घ्या, मी पसारा आवरते."

बरोबर पाचला साडूभाऊ आले. पेचकसराव भांग पाडून तयारच होते.

"चालतो का?"

"एक नंबर चालतो! चित्र बघाल तर आरसा. फक्त एक छोटी अट आहे." त्यांनी लॅम्प लावला आणि बायकोला खूण केली. ती निमूटपणे ओणवी झाली आणि त्यांनी कॅसेट सरकवली. फौजदार दिसला. "आता सरळ हो." ती सरळ झाली. कॅसेट बाहेर आली. "बघितलंत?"

साडूभाऊंनी तीनदा बघितलं.

"म्हणजे माझे पाहुणे पिक्चर बघणार, आणि माझी मेहुणी तीन तास ओणवी उभी राहणार?"

"तिची सख्खी बहीण आहे की तुमच्या घरी. तिच्यानंही चालेल."

"तिला ओणवं उभं राहा म्हणून कोण सांगणार? तुम्ही?" साडूभाऊ उठले. "ठेवा, तुम्हालाच ठेवा. मी जाताना दुकानातून नवा घेऊन जातो." दाराशी पोचल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. "नाहीच जमलं ना, पेचकस?"

तोंडावर तसं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. दार लागलं आणि पेचकसराव खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांना इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. जमलं होतं! निदान अर्धं तरी!

बायकोनं लॅम्प बंद केला, व्हीसीआरवर झाकण ठेवलं आणि चारी स्क्रू पिळले. मग कॅसेट आत सरकवून ती आरामात सोफ्यावर जाऊन बसली, पाच हात लांब. फौजदारानं मिशीला पीळ दिला आणि दरडावणी सुरू केली. पेचकसराव डोळे विस्फारून उभे राहिले.

"हा... हा चालतोय कसा?"

"त्याला उजेड चालत नाही. आत उजेड पडला की कॅसेट बाहेर टाकतो. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी वरून टॉवेल टाकून बघितलं. तुम्ही तो सकाळी अकरालाच दुरुस्त केला होता. हेड पुसलंत ना, तेव्हाच. फक्त झाकण लावायचं होतं."

"मी? मीच दुरुस्त केला?"

"तुम्हीच."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"पाच वाजायचे होते ना."

पण पेचकसरावांना पुढचं ऐकू येत नव्हतं. आयुष्यात एक वस्तू त्यांच्या हातून खरोखर दुरुस्त झाली होती! ते फोनकडे धावले. साडूला आत्ताच्या आत्ता सांगायचं, पेचकसला जमलं, ओणवं उभं राहायची गरज नाही, झाकण लावून चालतो! त्यांनी नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजायला लागली.  बायको पडद्याकडे बघत होती, हसत होती, आणि डोळे पुसत होती, सगळं एकदमच.

"हॅलो?" पलीकडून साडूभाऊंचा आवाज आला. "हॅलो, कोण बोलतंय?"

पेचकसरावांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि मोठ्या कष्टानं आवाज बदलला.

"राँग नंबर," ते म्हणाले, आणि फोन ठेवून बायकोशेजारी जाऊन बसले.