लाइव्ह इलेक्ट्रॉनिक संगीत आणि उरलेली एक शाल

सन २००७ च्या जानेवारीत शिवाजी पेठेतल्या आमच्या मंडळानं कोल्हापूरकरांसाठी लाइव्ह इलेक्ट्रॉनिक संगीताचा भव्य कार्यक्रम घेतला. मंडळाचा सचिव या नात्यानं त्याचा वृत्तान्त देणं आमचं कर्तव्य आहे. कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला. मध्येच संगीताचा थोडा अडथळा आला, पण तो अगदी शेवटी आला, त्यामुळं फारसं काही बिघडलं नाही.

कलाकार गल्लीतलाच होता. शिरोळकडचा प्रसेनजीत आमच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि घरी आला की दार लावून आवाज जुळवत बसायचा. तबला नाही, पेटी नाही, नुसती बटणं! वर्षभर खपून त्यानं वीस मिनिटांची एक रचना केली होती. साखर कारखान्याचा भोंगा, उसाच्या मोळ्या आदळल्याचा आवाज, ऊस पिळणाऱ्या चरकाची घरघर, असलं सगळं मशीनमध्ये घालून त्याचा ठेका धरला होता. त्याचे वडील जन्मभर कारखान्यात चरकावर होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

"सचिवसाहेब, आई येणार हाय," तो आम्हांला म्हणाला. "तिला वाटतंय मी दार लावून झोपाच काढतोय. एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकूदे तिला. साडेसातला आपल्या भागाची लाईट जातीय, तेवढं सांभाळा."

"अरे बाबा, सहाला सुरू करतोय. दीड तास म्हणजे रग्गड झाला की!"

तयारीत आम्ही कसूर ठेवली नाही. उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि प्रमुख उपस्थिती अशी नावं पत्रिकेवर घेतली. कलाकाराचं नाव काही केल्या बसेना. शेवटी छापखान्याच्या नावाच्या वर, त्याच मापात बसवलं. भारनियमनावर उपाय म्हणून जनरेटर आणावा की फेटे बांधणारा आणावा, असा पेच पडला तेव्हा बैठक बोलावली. ठराव फेट्याच्या बाजूनं एकमतानं मंजूर झाला. बिनफेट्याच्या पाहुण्यापुढं उजेड पाडून तरी काय दाखवायचं होतं?

प्रमुख पाहुणे एका साखर कारखान्याचे चेअरमन होते. मोकळ्या खुर्च्यांपुढं बोलायची त्यांना सवय नसल्यानं श्रोते ते ट्रकनं स्वतःच घेऊन आले. दिवसपाळी करून आलेले ते कारखान्याचे कामगार गुमान रांगेनं बसले.

कार्यक्रम वेळेवर, म्हणजे चेअरमन आल्यावर, सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं. वाऱ्यानं समई विझली म्हणून फोटोवाल्यासाठी पुन्हा झालं. मग उद्घाटकांचा सत्कार अध्यक्षांनी केला आणि अध्यक्षांचा उद्घाटकांनी. मांडववाल्याचा झाला, खुर्चीवाल्याचा झाला. मंडळाचे जुने खेळाडू पिराजी यांचं नाव राहिलं म्हणून ते चप्पल घालून निघाले. त्यांना दारातनं परत आणून शाल घातली. मग त्यांच्या थोरल्या भावाला तसंच कसं सोडणार?

प्रसेनजीत व्यासपीठाच्या कोपऱ्यात, मशीनच्या बटणावर हात ठेवून उभा होता. त्याची आई तानूबाई पहिल्या रांगेत बसली होती. जसजसे पाहुणे येत गेले तसतशी ती एकेक रांग मागं सरकत शेवटी पाण्याच्या पिंपाजवळ पोचली. तिनं तक्रार केली नाही. मान उंच करून ती पोराकडं बघत होती.

"साहेब, सात वाजून गेले," प्रसेनजीत आमच्या कानाशी आला.

"व्हय की. पण वीज खात्याच्या साहेबांचा सत्कार राहिलाय."

त्यांचा सत्कार भारनियमनाचं वेळापत्रक काटेकोर पाळल्याबद्दल होता. साहेब भारावून म्हणाले, "साडेसात म्हणजे साडेसात! मंत्र्याचा फोन आला तरी मी मिनिट पुढं ढकलत नाही." टाळ्या पडल्या. प्रसेनजीत आम्हांला खुणावू लागला, त्यांच्याकडं आजच्या दिवस दहा मिनिटं मागा म्हणून. आता ज्या गुणासाठी शाल घातली, तोच गुण मोडा म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग चेअरमन उठले. "इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे काय, हे मला अजून कळलेलं नाही," ते म्हणाले, "पण मी त्यावर थोडक्यात बोलणार आहे." त्यांनी उसाचा उतारा, सहकाराचं भवितव्य आणि हल्लीची पोरं यांवर थोडक्यात प्रकाश टाकला.

"साहेब, पाचच मिनिटं राहिली की वो!" प्रसेनजीत रडकुंडीला आला होता.

"मग आटोपतं घे जरा. लग्नात मंगलाष्टकं न्हाईत व्हय उरकत?"

चेअरमन एकदाचे बसले. प्रसेनजीतनं बटण फिरवलं. स्पीकरमधून कारखान्याचा भोंगा असा काही घुमला, की आमच्या अंगावर काटा आला. आणि काय सांगावं! मांडवातले सगळे श्रोते एका दमात उभे राहिले.

"बघा सचिव," अध्यक्ष गणपतराव गहिवरून म्हणाले, "रसिकांची मानवंदना!"

"पाळी सुटली रं!" मागनं कुणीतरी ओरडलं आणि मानवंदना ट्रकच्या दिशेनं चालू लागली. तीस वर्षं भोंगा ऐकून उठलेले पाय ते, कुणासाठी थांबणार? चेअरमन त्यांच्यामागं धावले. तेवढ्यात लाईट गेली. वीज खात्याच्या साहेबांनी काडी ओढून घड्याळ पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

आम्ही डगमगलो नाही. आभारप्रदर्शनाला वीज लागत नाही. गणपतरावांनी गॅसबत्तीच्या उजेडात, खड्या आवाजात, रिकाम्या खुर्च्यांचे यथोचित आभार मानले.

आटपून बघतो तर पिंपाजवळ निळसर उजेड. प्रसेनजीत क्लासमधून मागून आणलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्याची बॅटरी चालू होती. हेडफोन त्यानं तानूबाईच्या कानांवर, पदरावरूनच चढवला होता. तिनं डोळे मिटले होते, पायाचा अंगठा ठेका धरत होता.

"तुझ्या बाचा डबा घेऊन जायची मी, तवा गेटातनं असंच ऐकू यायचं रं!" हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं बोलली.  प्रसेनजीतनं बाहीनं डोळे पुसले.

शेवटपर्यंत थांबलेली ही एकमेव श्रोती! आम्ही जागच्या जागी तातडीची बैठक घेतली. एक शाल शिल्लक होती. फोटोवाला, गॅसबत्ती, गणपतराव, सगळा लवाजमा पिंपाजवळ नेला.

"मावशी, तेवढं कानातलं काढा," आम्ही म्हणालो. "फोटोत बरं दिसत न्हाई."

तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. नुसता हात वर केला. "थांबा की वो पावणं! माझं पोरगं वाजवतंय."

"अवो, शाल हाय! सत्कार हाय तुमचा!"

"तुमीच घ्या गुंडाळून. गारठा लई हाय."

मंडळाच्या इतिहासात शाल नाकारल्याची ही पहिलीच घटना. बाईला रीतभात नाही, असं गणपतराव म्हणाले आणि आम्ही अनुमोदन दिलं. ती शाल तेव्हापासून कपाटात घडी करून ठेवली आहे. योग्य व्यक्ती मिळेना म्हणून परवा ठराव केला, की हा वृत्तान्त जो कुणी शेवटपर्यंत वाचेल, त्याचा जाहीर सत्कार करायचा. म्हणजे तुमचा. रविवारी सहाला या. यंदाही एक होतकरू पोरगं वाजवायला ठेवलं आहे, ते थांबेल कोपऱ्यात. "छे छे, माझा कसला सत्कार," असं तुम्ही म्हणणार, हे आम्हांला ठाऊक आहे. सगळे तसंच म्हणतात, आणि म्हणता म्हणता मान पुढं करतात.